अ, ब, क, ड आणि आम्ही

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारतात : "नायगारा पाहिलात का?" आणि "तिकडे थंडी फार असते म्हणे?" नायगारा आम्ही पाहिला. थंडीही पाहिली. पण या दोन विषयांवर आजवर इतकी मराठी शाई सांडली आहे की, तीत आणखी एक थेंब टाकण्याची माझी इच्छा नाही. मला सांगायची आहे ती न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन गावी, वाचनालयाच्या एका खोलीत घालवलेल्या तासाची हकीकत. त्या खोलीत पाहण्यासारखे काहीच नव्हते. चाळीसेक खुर्च्या, एक पडदा, एका मेजावर कॉफीची किटली आणि बिस्किटे. तरीही साडेचार महिन्यांच्या मुक्कामातले जे एक ठिकाण मनात घर करून बसले आहे, ते तेच.

आधी गावाविषयी थोडेसे. एडिसन हे नाव या गावाला १९५४ साली मिळाले. त्यापूर्वी ते रॅरिटन टाउनशिप होते. टॉमस अल्वा एडिसनने १८७६ साली इथल्या मेन्लो पार्क भागात प्रयोगशाळा थाटली, १८७७ साली बोलके यंत्र केले आणि १८७९ साली विजेचा दिवा तासन्‌तास तेवत ठेवून दाखवला. त्या जागी आता एक उंच मनोरा उभा आहे व त्याच्या माथ्यावर भलामोठा काचेचा दिवा बसवला आहे. मनोरा पाहून माणूस ओक ट्री रोडला आला की आपण अमेरिकेत आहोत हे त्याला स्वतःला बजावून सांगावे लागते. साड्यांची दुकाने, सराफ, मिठाईवाले, वाणसामानाच्या वखारी. एका दुकानात आमच्या सौभाग्यवतींना भाजणी मिळाली, तेव्हा त्यांना झालेला आनंद नायगाऱ्याच्या वेळी मला दिसला नव्हता.

याच गावात आमचे चिरंजीव अठरा वर्षे राहत आहेत. आता ते तिथले नागरिक झाले आहेत. २०२५ च्या ऑगस्टात आम्ही गेलो, त्या आठवड्यातच रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी विषय काढला.

"बाबा, ठाण्याला दोघांनीच राहणं आता पुरे. मी अर्ज करतो. ग्रीन कार्ड झालं की इथंच राहा."

मी सदुसष्ट वर्षांचा. सौभाग्यवती पासष्टच्या. त्यांना मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घ्यावे लागते, आणि आदल्या वर्षी हृदयाच्या रोहिणीत एक स्प्रिंगही बसली आहे. तेव्हा चिरंजीवांच्या बोलण्यात केवळ माया नव्हती, भीतीही होती. सूनबाईंनी "आई, खालची खोली तुमचीच" म्हणून सांगितले. नातवाने ती खोली सोडायची तयारीही दाखवली. आम्ही "बघू" म्हणालो. मध्यमवर्गीय मराठी घरात "बघू" या शब्दाइतका मोठा पलंग दुसरा नाही. कितीही प्रश्न त्यावर निजू शकतात.

ऑक्टोबर उजाडला, मेपलची पाने तांबडी-पिवळी होऊन गळू लागली आणि तिकडच्या टपालपेट्या रंगीबेरंगी पत्रकांनी भरून वाहू लागल्या. आमच्या शेजारी कोल्हापूरचे एक गृहस्थ राहत. एका अभियांत्रिकी कंपनीत त्यांची पस्तीस वर्षे गेली होती. येत्या फेब्रुवारीत त्यांना पासष्ट पुरी होणार होती. हा मोठा गुन्हा असावा असे मला वाटले, कारण देशातल्या यच्चयावत विमा कंपन्यांना त्याचा सुगावा लागला होता. रोज दहा-बारा पत्रके, दोन-चार टेलिफोन. पत्रकांवरची म्हातारी माणसे सगळी हसरी आणि सगळ्यांचे दात शाबूत.

"साहेब, तुम्ही विम्यातले," कोल्हापूरकर म्हणाले. "वाचनालयात मेडिकेअरवर भाषण आहे. चला की संगट. मला एकट्याला काय उमजायचं न्हाई."

मी विम्यातला हे खरे. एका कचेरीत मी तीस वर्षे आरोग्यविम्याचे कागद विकले. विम्यावरचे भाषण म्हणजे काय असते हे मला पक्के ठाऊक होते : आधी चहा, मग भीती, मग आकडे आणि शेवटी सहीसाठी पेन. तरी गेलो. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा होता आणि दुपारी साडेचारलाच अंधार पडायला लागल्यामुळे घरात करमत नव्हते.

भाषण करायला उभ्या राहिल्या त्या ऐंशीला टेकलेल्या एक बाई. पांढरे केस, अंगात लोकरीचा निळा कोट, पायांत जाड बूट. उमेदीत त्या परिचारिका होत्या. आता त्या 'शिप' या नावाच्या योजनेत बिनपगारी काम करतात. शिप म्हणजे गलबत नव्हे. स्टेट हेल्थ इन्शुरन्स असिस्टन्स प्रोग्राम या लांबलचक नावाची ती आद्याक्षरे. प्रत्येक राज्यात सरकारी पैशावर ही योजना चालते, आणि तिची शिकवून तयार केलेली माणसे वृद्धांना मेडिकेअर फुकट समजावून सांगतात. बाईंनी बोलायला सुरुवात केली ती अशी :

"माझ्याजवळ विकायला काही नाही. मी कोणत्याही कंपनीचं नाव घेणार नाही. इथं कोणाची सही घेणार नाही. 'तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं' असं मला विचारू नका, कारण मी तुमच्या जागी नाही. आता आधी मेडिकेअर काय देत नाही ते सांगते."

मी खुर्चीत सावरून बसलो. तीस वर्षांत मी एकाही माणसाला आधी "काय देत नाही" हे सांगितले नव्हते.

त्यांनी फळ्यावर लिहिले. नेहमीची दातांची कामे नाहीत. चष्मा नाही. कानाचे यंत्र नाही. म्हातारपणी न्हाऊमाखू घालायला, जेवू घालायला माणूस लागला तर महिनोन्‌महिने त्याचा खर्च नाही. आणि थोडे अपवाद वगळले तर अमेरिकेच्या बाहेर काहीच नाही. या शेवटच्या वाक्याला खोलीतल्या आपल्याकडच्या मंडळींत चुळबूळ झाली. दर हिवाळ्यात बडोदे, पुणे, हैदराबाद गाठणारी ती माणसे. बाईंना ते अपेक्षितच असावे. जोडीला घेतात त्या काही पूरक विम्यांत प्रवासातल्या तातडीच्या दुखण्याची सोय असते, पण तीही प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत आणि जन्मभरात मिळून ५० हजार डॉलरांपर्यंतच, असे त्यांनी सांगितले.

मग त्या इतिहासाकडे वळल्या. अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी १९४५ साली साऱ्या जनतेसाठी आरोग्यविम्याची सूचना मांडली होती. ती बारगळली. वीस वर्षांनी, ३० जुलै १९६५ रोजी, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मुद्दाम ट्रूमन यांच्या गावी, मिसुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स इथे जाऊन मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि पहिले कार्ड एक्याऐंशी वर्षांच्या ट्रूमन यांनाच दिले. दुसरे त्यांच्या पत्नीला. योजना सुरू झाली १ जुलै १९६६ रोजी. "तेव्हा मी शिकाऊ परिचारिका होते," बाई म्हणाल्या. "बिलाच्या धास्तीनं घरीच दुखणं काढलेली म्हातारी माणसं पहिल्यांदा आमच्या वॉर्डात आली."

मागच्या रांगेतून एका काळ्या वृद्धाने हात वर केला. दक्षिणेत त्याचे बालपण गेले होते. त्याच्या आजीला इस्पितळात मागच्या दाराने न्यावे लागे आणि काळ्यांचा वॉर्ड तळघरात असे. मेडिकेअरचा पैसा हवा तर हा भेद मोडा, असे सरकारने इस्पितळांना बजावले. "पुढचं दार उघडलं ते या कार्डानं," तो म्हणाला आणि खाली बसला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण बाई क्षणभर थांबल्या.

माझ्या मनात तेव्हा दुसराच एक हिशेब जुळत होता. त्याच १९६५ सालच्या ३ ऑक्टोबरला याच जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी आणखी एका कायद्यावर सही केली. त्याने कोणत्या देशातून किती माणसे घ्यायची याचे जुने पक्षपाती प्रमाण रद्द केले आणि आपल्याकडच्या डॉक्टर-इंजिनियरांना अमेरिकेचे दार उघडले. म्हणजे दोन महिन्यांच्या अंतराने दोन सह्या. एकीने म्हाताऱ्यांची सोय केली, दुसरीने तरुणांना बोलावले. त्या दुसऱ्या सहीच्या बळावर बॅग घेऊन उतरलेली आपली तरुण मंडळी आता केस पांढरे होऊन पहिल्या सहीचा अर्थ समजून घ्यायला या खोलीत बसली होती.

यानंतर आली बाराखडी. मेडिकेअरचे चार भाग आहेत : ए, बी, सी, डी. आपण त्यांना अ, ब, क, ड म्हणू. 'अ' म्हणजे इस्पितळात दाखल होण्याचा खर्च. ज्याने चाळीस तिमाह्या, म्हणजे दहा वर्षे, कर भरून नोकरी केली त्याला याचा हप्ता पडत नाही. मात्र हे फुकट नव्हे. पगाराच्या दर शंभर डॉलरांतून १ डॉलर ४५ सेंट त्याचे आणि तितकेच मालकाचे आयुष्यभर कापले गेलेले असतात. शिवाय दाखल झाल्यावर २०२६ च्या दराने पहिले १,७३६ डॉलर आपले. 'ब' म्हणजे डॉक्टर, तपासण्या, बाहेरचे उपचार. त्याचा हप्ता २०२६ सालासाठी महिना २०२ डॉलर ९० सेंट, आणि वर्षाचे पहिले २८३ डॉलर आपण भरल्यावर पुढच्या खर्चाचा साधारण पाचवा हिस्सा आपला. 'ड' म्हणजे औषधे. ही सोय २००६ पासूनची. यात २०२६ साली रुग्णाच्या खिशातून औषधांसाठी वर्षाकाठी २,१०० डॉलरांपेक्षा जास्त जाऊ शकत नाही, आणि इन्सुलिन महिना ३५ डॉलरांच्या वर नाही. हा आकडा मी हातावर लिहून घेतला. कोणासाठी, ते वाचकांना सांगायला नको.

खरी गोम 'क'मध्ये आहे. मूळ मेडिकेअर घेतले तर त्या योजनेत असलेल्या देशभरातल्या कुठल्याही डॉक्टरकडे जाता येते, पण त्या पाचव्या हिश्शाला वरची मर्यादा नाही. त्यासाठी वेगळा पूरक विमा घ्यायचा, औषधांचा 'ड' वेगळा घ्यायचा. 'क' म्हणजे हे सगळे एका गाठोड्यात बांधून एका खाजगी कंपनीच्या हवाली करायचे. हप्ता कमी, खर्चाला वार्षिक मर्यादा, वर दात-चष्म्याचीही थोडी सोय. पण डॉक्टर कंपनीच्या यादीतला हवा, आणि पुष्कळ उपचारांना आधी कंपनीची परवानगी. आज निम्म्याहून अधिक मंडळी या 'क'मध्ये आहेत.

"एक तारीख विसरू नका," बाई म्हणाल्या. "पासष्टीनंतर 'ब' सुरू झाला की पहिले सहा महिने पूरक विमा देणाऱ्या कंपनीला तुमचं दुखणं विचारता येत नाही. त्यानंतर बहुतेक ठिकाणी विचारता येतं. आज 'क' घेऊ, दुखणं आलं की मूळ मेडिकेअरकडे परतू, असा बेत असेल तर परतीच्या वाटेवर हा नाका आहे."

इथे मला आमच्या शाळेतले एक मास्तर आठवले. निवृत्त झाल्यावर त्यांनी माझ्याकडून विमा घेतला होता. वर्षभराने मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, आणि पैसे नाकारले गेले. मोतीबिंदूला पहिली दोन वर्षे पैसे मिळत नाहीत, हे कागदावर लिहिलेले होते. बारीक अक्षरात होते. ज्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्याने ते वाचावे अशी अपेक्षा होती! मला ते कलम तोंडपाठ होते. मी ते वाचून दाखवले नव्हते. मास्तर मला एका शब्दानेही बोलले नाहीत. रस्त्यात भेटले की "काय रे, बरा आहेस ना?" एवढेच म्हणत. ते आता नाहीत.

प्रश्न सुरू झाले. एका गृहस्थांनी निवृत्तीनंतर कंपनीचाच विमा दीड वर्ष स्वतःच्या खिशातून चालू ठेवला होता, पुढे बाजारातला घेतला होता. विमा आहे म्हणजे झाले, या समजुतीत त्यांनी 'ब' घेतलाच नाही. बाईंनी त्यांना जवळ बसवून हिशेब केला. पासष्टीच्या आधीचे तीन महिने, वाढदिवसाचा महिना आणि नंतरचे तीन असा सात महिन्यांचा काळ नाव घालायचा. नोकरी चालू असली तर पुढेही सवलत. पण नोकरी सुटल्यावर पैसे भरून ठेवलेला विमा त्यात धरत नाहीत. दोन पुरी वर्षे उशीर, म्हणजे हप्त्यावर वीस टक्के दंड, आणि तो जन्मभर. आता जानेवारी ते मार्चमध्ये अर्ज करता येईल. गृहस्थ म्हणाले, "मला कोणी सांगितलं नाही." बाई म्हणाल्या, "म्हणूनच मी दर आठवड्याला येते."

कोल्हापूरकरांनी सगळे टिपून घेतले. त्यांची खिडकी नुकतीच उघडली होती. मेपर्यंत मुदत होती. त्यांचा चेहरा बारावीचा निकाल लागलेल्या मुलासारखा दिसत होता.

शेवटी मी हात वर केला. "मुलगा इथला नागरिक आहे. आईवडील पासष्टीच्या पुढचे. इथं कायमचे राहायला आले तर?"

बाईंनी चष्मा काढला. हा प्रश्न त्यांना एडिसनमध्ये पुष्कळदा आला असणार. ग्रीन कार्डावर पाच वर्षे सलग वस्ती झाल्याखेरीज मेडिकेअर विकतही मिळत नाही. ती झाल्यावर, स्वतः किंवा जोडीदाराने इथे नोकरी केलेली नसेल, तर 'अ'चाही हप्ता भरायचा : २०२६ च्या दराने महिना ५६५ डॉलर, वर 'ब'चे २०२ डॉलर ९० सेंट. हे एका माणसाचे. मुलाने भरलेला कर आईबापांच्या खात्यात धरत नाहीत. पहिली पाच वर्षे बाजारातला दुसरा विमा पाहायचा. "त्यांना काही आजार आहेत का?" त्यांनी हळूच विचारले. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मग येण्याआधी मुलाला घेऊन माझ्याकडे या. आल्यानंतर नको."

तीस वर्षांत इतकी सरळ वाक्ये मी कोणाला ऐकवली होती का, असा विचार करीत मी बाहेर पडलो. मेजावर विम्याचे एकही पत्रक नव्हते. पेनही नव्हते.

रात्री घरी सगळे मांडले. चिरंजीवांनी फोनवर आकडेमोड केली आणि म्हणाले, "बाबा, मी भरेन." त्याने भरले असते, यात मला शंका नाही. पण सौभाग्यवती म्हणाल्या, "अरे, इथं मला आजारी पडायला पाच वर्षं थांबावं लागेल. ठाण्याला निदान हवं तेव्हा पडता येतं. आपले डॉक्टर समोरच्या इमारतीत राहतात." सगळे हसले. चिरंजीव हसले नाहीत. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आणि रात्री दोन वाजता तिकडून फोन आला, तर मी काय करायचं?"

या प्रश्नाचे उत्तर अ, ब, क, ड यांपैकी एकाही भागात नव्हते. सौभाग्यवती उठल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. अठरा वर्षांपूर्वी विमानतळावर त्यांच्या मनात हाच प्रश्न होता. तेव्हा त्याने तो विचारला नव्हता आणि त्यांनी सांगितला नव्हता.

डिसेंबरअखेर आम्ही परत आलो. ठरले ते असे : वर्षातून एकदा आम्ही जायचे, एकदा त्यांनी यायचे, आणि शेजारच्या डॉक्टरांचा नंबर चिरंजीवांच्या फोनात सर्वांत वर. प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. "बघू"च्या पलंगावरून उठून तो खुर्चीवर बसला आहे, इतकेच.

आणखी एक झाले. यंदाच्या जुलैपासून आमच्या नौपाड्यातल्या वाचनालयात, महिन्याच्या पहिल्या शनिवारी, मी तासभर बसतो. आपल्याकडचे सांगायलाही काही कमी नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी गाठलेल्या कोणालाही, उत्पन्न न विचारता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत इस्पितळातला इलाज मिळू शकतो. पण योजनेतल्या इस्पितळातच, आणि कार्ड आधी काढून ठेवले तर धावपळ वाचते. विकत घेतलेल्या विम्यात जुन्या दुखण्यासाठी आता जास्तीत जास्त तीन वर्षे थांबायला लावता येते. घेतलेला कागद पटला नाही तर ३० दिवसांत परत करता येतो. हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पहिल्या शनिवारी नऊजण आले. त्यांतले चार पावसाने अडकले होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्याजवळ विकायला काही नाही. आधी काय मिळत नाही ते सांगतो." आणि फळ्यावर पहिला शब्द लिहिला : मोतीबिंदू. जरा मोठ्या अक्षरात लिहिला.